‘मागील बाजूस पेन्सिलीच्या खुणा’ : हिब्रू लेखकाची पत्रे विकणाऱ्या एका लिलावगृहाचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात जेरुसलेममधील एका लिलावगृहाकडून मी एका हिब्रू कथाकाराची हस्तलिखित पत्रे विकत घेतली. सात पत्रे आणि दोन पोस्टकार्डे असा नऊ नगांचा तो लॉट होता. १९४६ ते १९५३ या काळातला हा सर्व मजकूर एकाच माणसाला, म्हणजे त्या कथाकाराच्या समव्यवसायी स्नेह्याला आणि एका वाङ्मयीन नियतकालिकाच्या संपादकाला, लिहिलेला आहे. या खरेदीविषयी लिहावे असे ठरवण्याचे कारण असे की पुण्याच्या आणि ठाण्याच्या काही संग्राहक मित्रांनी, बोली आता घरबसल्या लावता येते म्हटल्यावर, ‘असे काही घ्यावे का, आणि घेताना काय पाहावे’ असे मला अनेकदा विचारले आहे. लिलावगृहाचे नाव मी देत नाही, कारण माझ्या तक्रारी या धंद्याच्या एकंदर रीतीला लागू पडतात आणि त्यांचा भार एकाच घरावर टाकणे योग्य होणार नाही. लेखकाचे आणि संपादकाचे नावही देत नाही, कारण एका पत्रात तिसऱ्याच कुटुंबाच्या घरगुती गोष्टी आहेत.

माझी या विषयातली पात्रता एवढीच की मी इस्राएलमधल्या लोद शहरात राहणारा बेने इस्राएल, म्हणजे मूळचा कोकणातला मराठीभाषक यहुदी आहे, चौदाव्या वर्षी अलिबागहून इकडे आलो आणि पुढची तीस वर्षे तेल अवीवच्या एका छापखान्यात हिब्रू मुद्रितशोधन केले. माझे आजोबा कचेरीत कारकून होते आणि मोडी दस्त झरझर वाचत. छापलेले बाळबोध अक्षर आणि हाताने लिहिलेले मोडी अक्षर यांत जे अंतर आहे, जवळपास तेच अंतर छापील चौकोनी हिब्रू आणि हातच्या वळणदार हिब्रूमध्ये आहे, हे मला इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळले. शाळेत धर्मग्रंथ वाचता येणारा मुलगा शिक्षकाने फळ्यावर लिहिलेली साधी सूचना वाचू शकत नव्हता. मुंबईत १८३२ साली जॉन विल्सन यांनी मराठीतून समजावलेले हिब्रू व्याकरण छापून घेतले होते, पण छापील हिब्रू शिकलेल्या माणसाचीही हातच्या अक्षरापुढे हीच गत होते.

कॅटलॉगपासून सुरुवात करतो. या घराचा कॅटलॉग देखणा आहे आणि छायाचित्रे उत्तम आहेत. लॉटची नोंद साधारण दहा ओळींची होती. तीत लेखकाचे नाव ठळक अक्षरात, सहीचे स्वतंत्र मोठे छायाचित्र, मजकुराचा तीन ओळींत गोषवारा आणि तळाशी ‘स्थिती’ असे होते. ज्याला पत्रे लिहिली तो संपादक मात्र ‘एक साहित्यिक’ एवढ्या दोन शब्दांत आटोपला होता. बाजारात भाव सहीला असतो, हे मला मान्य आहे. परंतु हिब्रू साहित्याचा इतिहास ज्यांना थोडाबहुत ठाऊक आहे, त्यांना हे दोन शब्द खटकल्यावाचून राहणार नाहीत. आधुनिक हिब्रूचा थोर कवी बियालिक याची पहिली गाजलेली कविता लेखक-संपादक राव्हनित्स्की यांनी संपादित केलेल्या संग्रहात आली आणि पुढे त्या दोघांनीच १९०८ ते १९११ या काळात प्राचीन यहुदी कथांचे ‘सेफर हाअग्गादा’ हे प्रचंड संकलन सिद्ध केले. कथाकार अग्नोनची १९१२ साली याफा येथे पुस्तकरूपाने आलेली पहिली मोठी कथा दुसरे एक लेखक ब्रेनर यांनी पदरमोड करून छापली होती. ही भाषा बोलीत पुन्हा उभी राहत असताना तिचे वाचक मोजके होते आणि लेखकाचा पहिला खरा वाचक बहुतेक वेळा दुसरा लेखकच असे. ‘प्रति’ नंतरचे नाव त्यामुळे सहीइतकेच महत्त्वाचे ठरते, आणि खरेदीदाराने ते आधी पाहावे असे मी सुचवीन.

गोषवाऱ्यातले एक वाक्य वाचून मी प्रथम या लॉटकडे वळलो, हे कबूल करतो. लेखक स्वतःला ‘जेरुसलेममधला एक परका’ म्हणवतो, असे तिथे लिहिले होते. असे वाक्य वाचले की मन हलते आणि हातही खिशाकडे जातो. लिलावाआधी माल हाताळून पाहू देतात, त्या पाहणीच्या दिवशी ते पत्र हाती आले तेव्हा मी पहिल्यांदा तीच ओळ शोधली. हिब्रूत ‘गार’ म्हणजे राहतो आणि ‘झार’ म्हणजे परका. एरवीच्या लिखाणात स्वर लिहायचे नसतात, त्यामुळे दोन्ही शब्दांत दोनच अक्षरे उरतात आणि दुसरे अक्षर दोहोंत सारखेच असते. पहिल्या अक्षरात फरक आहे खरा, पण हातच्या वळणात गिमेल आणि झायिन ही अक्षरे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असल्यासारखी दिसतात. एकाचे पोट एका बाजूला, दुसऱ्याचे दुसऱ्या बाजूला. मी खिशातले भिंग लावून त्याच पानावरची इतर गिमेले आणि झायिने शोधली. गिमेल चार ठिकाणी, झायिन सहा ठिकाणी निःसंशय सापडले आणि त्यांच्याशी ताडून पाहता या ओळीत गिमेल होते यात काही शंका उरली नाही. लेखकाने लिहिले होते ते इतकेच की वल्हांडण सणापर्यंत आपण जेरुसलेममध्येच राहत आहोत, सबब मुद्रिते तिकडच्या पत्त्यावर पाठवावीत. ज्यांनी तो गोषवारा लिहिला त्यांना बिचाऱ्या लेखकाला पत्ता कळवायचा होता हे उमगले नाही.

पाहणीची व्यवस्था मात्र वाखाणण्यासारखी होती. आधी वेळ ठरवावी लागते. खिडकीजवळचे टेबल, वर पांढरा प्रकाश, आणि पत्रे एका उथळ ट्रेमध्ये क्रमाने मांडलेली. पांढरे हातमोजे देण्याचे नाटक तिथे नव्हते. हात धुऊन, कोरडे करून या, एवढेच सांगितले गेले, आणि कागदाच्या बाबतीत तेच योग्य आहे, कारण मोज्यातल्या बोटांना कागदाची कड कळत नाही आणि पाने फाटतात. समोर बसलेल्या तरुण मुलीने मला पाऊण तासात एकदाही घाई केली नाही. मी एका शब्दावर अडलो तेव्हा तीही वाकून बघू लागली आणि मग आम्ही दोघांनी मिळून तो शब्द सोडवला. विद्यार्थिदशेत ती एका अभिलेखागारात काम करीत असे. कॅटलॉगचे लेखन अशा व्यक्तीकडे न देता तिला ट्रे उचलण्याच्या कामावर का ठेवले असावे, हे मला उमजले नाही.

आता तारखांविषयी. नऊपैकी पाच पत्रांवर इसवी सनाची तारीख नाही. जुन्या परंपरेत वाढलेले हिब्रू लेखक पुष्कळदा वार आणि त्या आठवड्यात सभास्थानात वाचल्या जाणाऱ्या तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, अध्यायाचे नाव लिहितात, आणि वर्ष अक्षरांनी मोजतात, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते. एका पत्राच्या माथ्यावर ‘चौथा दिवस, वायेशेव’ आणि वर्षाची चार अक्षरे होती, ज्यांची बेरीज ७११ होते. यहुदी वर्ष ५७११, हजारांचा आकडा गाळून. कॅटलॉगने या आकड्यात सरळ १२४० मिळवले आणि ‘१९५१’ असे छापले. शके आणि इसवी सन यांचा हिशेब ज्याने केला आहे त्या मराठी वाचकाला यातली चूक चटकन दिसेल. शकात ७८ मिळवायचे, पण पौष-माघाच्या सुमारास जानेवारी लागल्यावर ७९, हे आपण लहानपणी पाठ केलेले असते. यहुदी वर्ष शरद ऋतूत सुरू होते, त्यामुळे पहिले तीन-साडेतीन महिने मागच्याच इसवी सनात पडतात. ‘वायेशेव’ हा योसेफाच्या कथेचा अध्याय किसलेव महिन्यात, हनुक्का या दिव्यांच्या सणाच्या आसपास येतो. ५७११ मध्ये तो २ डिसेंबर १९५० च्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाचला गेला. त्या आठवड्याचा चौथा दिवस, अर्थात बुधवार, म्हणजे २९ नोव्हेंबर १९५०. वर्ष पूर्ण चुकले, आणि ते चुकल्यामुळे कॅटलॉगमधला पत्रांचा क्रमही चुकला. ज्या पोस्टकार्डाने या पत्राला दुजोरा द्यावा ते त्याच्या आधीचे म्हणून मांडले गेले होते.

या पत्राकडे मला परत यायचे आहे, पण तत्पूर्वी स्थिती-अहवालाविषयी सांगणे भाग आहे. अहवाल मागितल्यावर चार दिवसांनी ईमेलने आला. घड्यांच्या खुणा, टाचणीच्या गंजाचे दोन डाग, एका पत्राच्या कडेला जुन्या चिकटपट्टीचा पिवळा पट्टा आणि ‘एका पत्राच्या मागील बाजूस पेन्सिलीच्या खुणा’. बस्स, एवढेच. छायाचित्रे फक्त पुढल्या बाजूंची होती. मागील बाजूंची छायाचित्रे मागितल्यावर नऊपैकी दोनच मिळाली आणि त्यांत हे पत्र नव्हते. या घराच्या सेवेतला हा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल, कारण परगावचा खरेदीदार पाहणीला येऊ शकत नाही. पुण्यात बसून बोली लावणाऱ्याने मागील बाजू न पाहता एकाही हस्तलिखितावर पैसे लावू नयेत. छायाचित्रे चिकाटीने मागावीत, आणि न मिळाल्यास तो लॉट सोडून द्यावा.

मी लोदहून तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे मला ती बाजू पाहता आली. तो काळ इथल्या सक्तीच्या काटकसरीचा, ज्याला हिब्रूत ‘त्सेना’ म्हणतात. १९४९ मध्ये शिधावाटप सुरू झाले होते आणि चांगला कागद दुर्मीळ होता. लेखकाने पातळ कागदाच्या एकाच बाजूस लिहिले होते, कारण दुसऱ्या बाजूस शाई फुटली असती. संपादकाने मात्र ती कोरी बाजू वाया जाऊ दिली नाही. ‘पेन्सिलीच्या खुणा’ म्हणजे त्या पत्राला त्याने द्यायच्या उत्तराचा, बारीक अक्षरांत लिहिलेला, चौदा ओळींचा कच्चा खर्डा होता. तीन ठिकाणी खोडलेला, एका ठिकाणी खोडून पुन्हा तेच लिहिलेला.

लेखकांच्या पत्रव्यवहारात एकच बाजू हाती लागणे हे नेहमीचे दुखणे आहे. बियालिकची पत्रे त्याच्या मृत्यूनंतर १९३७ ते १९३९ या काळात फिशेल लाखोवर यांनी पाच खंडांत छापली, पण त्यांत बियालिकच बोलतो, आणि समोरचा काय म्हणाला हे वाचकाने ताडायचे असते. दूरध्वनीवर बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसल्यासारखे ते वाचन होते. दोन्ही बाजू मिळणे हे भाग्य अग्नोन आणि त्याचा प्रकाशक झाल्मान शोकेन यांच्यासारख्या थोड्यांच्या वाट्याला येते. त्यांचा १९१६ ते १९५९ या काळातला परस्पर पत्रव्यवहार १९९१ साली पुस्तकरूपाने आला आणि लेखक-प्रकाशक संबंधाविषयी ज्यांना काही समजून घ्यायचे आहे त्यांनी तो वाचावा. अशा वेळी एकाच कागदाच्या दोन बाजूंवर प्रश्न आणि उत्तर दोन्ही सापडणे, आणि ते विकणाऱ्याने कागदाचे व्यंग म्हणून किंमत पाडण्यासाठी वापरणे, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. अर्थात, त्यामुळे लॉट मला परवडला, हेही खरे.

पत्रांचा मजकूर शब्दशः देता येणार नाही. हा मुद्दा खरेदीदारांनी नीट समजून घ्यावा, कारण कॅटलॉगमध्ये त्याचा उल्लेख कुठेच नव्हता. पत्र विकत घेतले की कागद आपला होतो, पण शब्द आपले होत नाहीत. इस्राएलमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांपर्यंत हक्क वारसांकडे राहतात. बियालिक १९३४ साली व्हिएन्नात वारला, म्हणून त्याचे लेखन २००५ पासून सर्वांना खुले आहे. अग्नोन १९७० मध्ये वारला, म्हणून त्याच्या बाबतीत २०४० संपेपर्यंत थांबावे लागेल. माझ्या लॉटचा लेखक या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो आणि त्याचे हक्क अजून शाबूत आहेत. भिंतीवर चौकट टांगायला कोणाची हरकत नाही, परंतु त्याचे भाषांतर करून एखाद्या दिवाळी अंकात देण्याचा विचार असेल तर आधी वारसांची परवानगी काढावी लागेल.

आशय सांगायला मात्र काही अडचण नाही. २९ नोव्हेंबरच्या पत्राच्या माथ्यावर, आपल्याकडे ‘श्री’ लिहितात तसे, ‘देवाच्या साहाय्याने’ या अर्थाची दोन अक्षरे आहेत. मग ‘माननीय’ला समांतर असा मायना, मग तब्येतीची चौकशी एका ओळीत उरकून लेखक थेट मुद्द्यावर येतो. जुळाऱ्याने त्याच्या कथेतल्या जुन्या प्रार्थनेच्या उताऱ्याला, जिथे एरवी न लिहिलेले स्वर ठिपक्यांनी दाखवतात, चुकीची स्वरचिन्हे लावली आहेत आणि एका ठिकाणी त्यामुळे अर्थाचा अनर्थ झाला आहे, अशी तक्रार तो करतो. खिळे जुळवणाऱ्यांच्या बाजूने सांगायचे तर अक्षराच्या पोटात आणि पायाशी बसणारे ते ठिपके लावणे हे डोळे फोडणारे काम असे. माझ्या छापखान्यात जुने लोक त्याविषयी शिव्या दिल्याशिवाय बोलत नसत. तक्रार संपल्यावर लेखक विचारतो की कथा कशी वाटली, आणि मनात असेल ते स्पष्ट कळवावे, भीड ठेवू नये. ताजा कलम म्हणून, हिब्रूतही आपल्या ‘ता. क.’सारखी दोन अक्षरे त्यासाठी आहेत, मानधनाची आठवण. मला हे पत्र फार आवडले. तीन चतुर्थांश पत्र ठिपक्यांविषयी आहे आणि ज्या एका ओळीसाठी ते लिहिले ती ओळ मानधनाच्या आधी, कोपऱ्यात दडवून ठेवली आहे.

पाठीमागच्या खर्ड्यात संपादक आधी ठिपक्यांची क्षमा मागतो. मग कथेची स्तुती येते, ती खोडली जाते, आणि पुन्हा थोड्या कमी शब्दांत येते. मग एक वाक्य असे की शेवटची दोन पाने नसती तर कथा अधिक चांगली झाली असती. हे वाक्य त्याने एकदा खोडले, खाली पुन्हा जसेच्या तसे लिहिले, आणि पुन्हा खोडले, या वेळी इतक्या जोराने की कागदाच्या पुढल्या बाजूस, लेखकाच्या सहीच्या वर, पेन्सिलीच्या टोकाचे वळ उमटले आहेत. बोटाने ते जाणवतात. कॅटलॉगमधल्या सहीच्या त्या मोठ्या छायाचित्रातही नीट पाहिल्यास ते दिसतात. खाली शेवटी एकच ओळ उरते : शेवटाविषयी भेटीत बोलू.

बोलीच्या दिवसाविषयी फार सांगण्यासारखे नाही. नावनोंदणी सोपी होती, ऑनलाइन पडदा वास्तव बोलीपेक्षा दोन-एक सेकंद मागे राहत होता, आणि त्यामुळे एकदा माझी बोली पोचण्याआधी पुढची पुकारली गेली. हातोडा ४२० डॉलरवर पडला. नवख्यांनी इथे सावध राहावे. या घराचे कमिशन २५ टक्के आहे, म्हणजे १०५ डॉलर, आणि त्या कमिशनवर १८ टक्के मूल्यवर्धित कर, म्हणजे आणखी १८.९० डॉलर. एकूण ५४३.९० डॉलर भरावे लागले. अटींच्या पानावर हे सर्व लिहिलेले असते, पण ते पान पडद्यावर शेवटी आणि बारीक टाइपात असते, आणि बोलीच्या भरात चारशे वीस हाच आकडा डोक्यात राहतो. परदेशी पाठवणीचा खर्च आणि विमा यांचा हिशेब वेगळा. तो आधी लेखी मागून घ्यावा.

पत्रे मी स्वतः जाऊन आणली. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, प्रत्येक नग स्वतंत्र पारदर्शक पाकिटात, अशी बांधणी होती आणि ती उत्तम होती. एका गोष्टीने मात्र मी संतापलो. १९४६ चे पोस्टकार्ड ब्रिटिश अमलातले आहे. त्यावरच्या तिकिटावर इंग्रजी, अरबी आणि हिब्रू असा तिन्ही लिप्यांतला मजकूर आहे, आणि पोस्टाचा शिक्का इतका स्वच्छ उमटलेला क्वचित पाहायला मिळतो. गोदामातल्या कोणीतरी लॉट क्रमांकाची चिकट चिठ्ठी पाकिटावर न लावता थेट या कार्डावर, शिक्क्याच्या कडेला, डकवून दिली होती. पाहणीच्या दिवशी ती तिथे नव्हती. मी ती ओढून काढण्याच्या फंदात पडलो नाही. घरगुती उपायांनी, केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा देऊन वगैरे, जुना कागद सुधारत नाही, बिघडतो. लिलावगृहाला छायाचित्र पाठवले तेव्हा त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि एका संवर्धकाकडून चिठ्ठी काढून देण्याची तयारी दाखवली. ते काम त्यांनी खरोखर, तीन आठवड्यांत आणि विनामूल्य करून दिले, कडेला पुसटशी चमक राहिली तेवढीच. चूक झाल्यावर ती निस्तरण्याची ही पद्धत मला पसंत पडली, आणि हा अनुभव नोंदवताना तेही नोंदवणे न्यायाचे आहे.

विक्रीनंतर मी कॅटलॉगातल्या दोन चुका, ‘परका’ आणि ‘१९५१’, पुराव्यासह कळवल्या आणि पेन्सिलीच्या खर्ड्याविषयीही लिहिले. उत्तर दुसऱ्याच दिवशी, अत्यंत नम्र भाषेत आले. विक्री झालेल्या लॉटच्या नोंदी बदलत नाहीत, मात्र आपली सूचना संबंधितांपर्यंत पोचवली आहे, असे त्यात होते. काही वर्षांनी कोणी अभ्यासक या लेखकाची पत्रे शोधू लागला तर त्याला प्रथम सापडेल ती हीच नोंद, आणि तिच्यावर विसंबून तो एका पत्राचे साल चुकवील आणि लेखकाला परका ठरवील. लिलावगृहांचे जुने कॅटलॉग आज संदर्भग्रंथांसारखे वापरले जातात. हे लक्षात घेऊन तरी त्यांनी विकलेल्या मालाच्या नोंदीत दुरुस्तीची एक ओळ जोडण्याची सोय ठेवायला हवी. या एका कारणासाठी मी या सेवेला पूर्ण गुण देणार नाही.

वाचनाची अडचण ज्यांना वाटते त्यांना एक दिलासा देतो. सर्वच लेखकांची अक्षरे अवघड नसतात. अग्नोनचे अक्षर इतके बारीक आणि गुंतागुंतीचे होते की त्याची पत्नी एस्थर हस्तलिखिते उलगडून टंकलिखित करीत असे, आणि त्याच्या मृत्यूनंतर कन्या एमुना यारोन यांनी उरलेल्या कागदांतून पुस्तके सिद्ध केली. ते घराणेच वाचनात तरबेज होते. माझ्या लेखकाचे अक्षर त्या मानाने सरळ आहे. योद हे अक्षर आखूड, वाव लांब, शब्दाच्या शेवटचा नून ओळीखाली उतरलेला, एवढी तीन उभ्या रेघांची उंची डोळ्यांत बसली की निम्मे पान वाचता येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी संदर्भाने ठरवणाऱ्या मराठी माणसाला स्वरांवाचून चालणाऱ्या लिपीचे भय वाटायचे कारण नाही.

उन्हाळ्यात मी तेल अवीवच्या एका अभिलेखागारात गेलो, जिथे या लेखकाचे कागद ठेवलेले आहेत, आणि त्याला आलेल्या पत्रांची १९५० ची पेटी मागवली. संपादकाचे उत्तर त्यात होते, शाईने, स्वच्छ कागदावर, ३ डिसेंबरचे. ठिपक्यांची क्षमा, थोडी स्तुती, मानधनाविषयी आश्वासन. शेवटच्या दोन पानांचा उल्लेख नाही. भेटीत बोलू, एवढेच. माझ्याकडच्या दुसऱ्या पोस्टकार्डावर, जे कॅटलॉगने या पत्राच्या आधी मांडले होते, लेखकाने लगेच मंगळवारची वेळ दिली आहे. मंगळवारी ते भेटले की नाही, याची नोंद पेटीत नव्हती. पुढे छापून आलेली कथा मी ग्रंथालयातून आणून वाचली. ती दोन पाने तिच्यात जशीच्या तशी आहेत, आणि माझ्या मते संपादकाचे बरोबर होते.

परवा लिलावगृहाचे संकेतस्थळ पुन्हा उघडून पाहिले. लॉटच्या नोंदीत १९५१ हेच साल आहे आणि स्थितीच्या रकान्यात, गंजाच्या डागांच्या खाली, पेन्सिलीच्या खुणा.